पत्र्यावरचे दगड आधी उतरवा

मे-जूनमध्ये अमळनेरकडे दुपार कलली की आभाळ भरतं, आणि पावसाआधी वारा येतो. जुनी धाब्याची घरं त्याला दाद देत नसत. पत्र्याचं छप्पर मात्र उडतं. त्यावर ठेवलेले दगड तर थेट माणसाच्या डोक्यावर येतात. ते काढून पत्रे हुक-बोल्टने आवळून घ्या.

वीज चमकल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला, तर पक्क्या घरात शिरा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. शेतात निंबाखाली थांबायची सवय जुनी, पण विजेच्या वेळी तीच घातक. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेचा इशारा देतं. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका. महावितरणला १९१२ वर कळवा. जिल्हा आपत्ती कक्ष: १०७७.