दरवेळी मूळव्याधच असते असं नाही

शौचातून रक्त पडलं की आपल्याकडे निदान घरीच होतं: मूळव्याध. मग इसबगोल, ताक, मेडिकलमधलं मलम आणि ‘उष्णता वाढलीय’ हा शेरा. बऱ्याचदा मूळव्याधच निघते, हेही खरं. पण मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच डोकावतो, आणि तपासल्याशिवाय फरक कळत नाही.

हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी पॉलिप, म्हणजे छोटासा कोंब, वाढतो. त्यातल्या काहींचा कर्करोग व्हायला साधारण १० वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत कॅमेऱ्याची लवचीक नळी गुदद्वारातून आत सरकवतात; पॉलिप दिसला की बहुधा तारेच्या फासाने तिथेच काढतात. म्हणजे ही तपासणी रोग नुसता शोधत नाही, टाळतेही. खरा वैताग आदल्या रात्रीचा: पोट साफ करणारं ते बेचव औषधी पाणी पीत बसायचं! तपासणी बहुतेकदा गुंगीतच उरकते.

‘ब्लॅक पँथर’चा नायक चॅडविक बोसमन २०२० साली याच आजाराने गेला, अवघ्या ४३व्या वर्षी. अमेरिकेत २०२१ पासून ही तपासणी ५०ऐवजी ४५व्या वर्षी सुरू करायला सांगतात. आई-वडील किंवा भावंडांना हा रोग झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षीच, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या १० वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा. लक्षणं नसतील आणि घरातही कुणाला झाला नसेल, तर शौचातलं अदृश्य रक्त शोधणारी साधी चाचणी दरवर्षी केली तरी चालते.

तंबाखू, दारू, सुटलेलं पोट आणि सॉसेज-सलामी धोका वाढवतात. भाकरी, उसळ आणि रोजचं चालणं तो कमी करतात. मात्र काटेकोर शाकाहाऱ्यांनाही हा कर्करोग होतो.