लस आमच्या गल्लीत कधी येते?

माझी थोरली बहीण, आपा, लहानपणापासून एका पायाने लंगडते. पोलिओची लस तेव्हा जगात होती, पण आमच्या गल्लीत पोहोचली नव्हती. त्यामुळे नव्या लशीची बातमी आली की मी विचारतो : ती पोहोचणार कशी?

याचे उत्तर मला आफ्रिकेतल्या एका लशीत सापडले. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या, धुळीच्या दिवसांत मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या तापाची साथ येते. १९९६-९७ मध्ये अडीच लाखांच्या आसपास माणसे आजारी पडली, सुमारे पंचवीस हजार दगावली. मुख्य दोषी होता 'अ' गटाचा जंतू. जुनी लस होती, पण तान्ह्या मुलांवर तिचा फारसा उपयोग नव्हता आणि असरही फार टिकत नसे.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' या संस्थेने नव्या लशीचे काम हाती घेतले. महाग लस आफ्रिकी देशांना परवडणारी नव्हती. म्हणून किंमत आधी ठरली : एका डोसला अर्ध्या डॉलरहून कमी. लस तयार केली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने.

युक्ती अशी. जंतूच्या कवचातली साखर एकटी टोचली, तर बाळाचे शरीर ती नीट ध्यानात ठेवत नाही. म्हणून ती धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला जोडली. नुसता शब्द विसरणारे मूल चालीवर म्हटलेला शब्द विसरत नाही, तसेच हे. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत एक ते एकोणतीस वर्षांच्या सर्वांना ती टोचायला सुरुवात झाली.

उरला बर्फाचा प्रश्न. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात. वीज नसलेल्या गावात बर्फ आणायचा कुठून? तपासण्यांत दिसले, की ही लस चाळीस अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस टिकते. २०१२ मध्ये तशी परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी बेनिनमध्ये कार्यकर्ते बर्फाशिवाय लस घेऊन खेड्यांत गेले.

२०१७ नंतर त्या पट्ट्यात 'अ' गटाचा खात्रीचा रुग्ण आढळल्याची नोंद नाही. बाकीचे गट मात्र आहेतच. त्यासाठी पुण्यातच बनलेली पाच गटांवरची लस २०२४ मध्ये नायजेरियात पहिल्यांदा दिली गेली.

हे सारे मी आपाला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी आधी गल्ली पाहिली, मग औषध बनवलं."