बिडीचा धूर आणि फुफ्फुसांतले राखणदार

करोनाच्या साथीनंतर दवाखान्यात एक मागणी हमखास होते, "डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवायला काहीतरी द्या." मागणाऱ्याच्या खिशात पुष्कळदा बिडीचे बंडल असते. अशा मंडळींना मी सांगतो, की तुमची प्रतिकारशक्ती नको तिथे राबते आहे. धूम्रपानाने होणाऱ्या सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट विकारात बरेचसे नुकसान आपल्याच राखणदार पेशी करतात.

निफाड तालुक्यात द्राक्षाचा घड कोणाला ठाऊक नाही? फुफ्फुसांतले वायुकोश तसेच घडाघडाने असतात. संख्या सुमारे तीस ते पन्नास कोटी. तेथे भक्षक पेशींचा पहारा असतो. श्वासातून आलेली धूळ आणि जंतू त्या गिळतात. भक्षक पेशींचे हे कार्य मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८८२ साली ओळखले. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

धूर आत गेला, की या पेशी काजळी गिळून काळवंडतात. त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते, पण जंतू गिळण्याची ताकद घटते. मग त्या रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींना मदतीला बोलावतात. न्यूट्रोफिल इलास्टेज नावाचे विकर सोडतात. हे विकर वायुकोशांच्या भिंतींतले लवचिक धागेही तोडते.

यकृतात तयार होणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन या विकराला लगाम घालते. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना हे प्रथिन जन्मतःच कमी असलेली माणसे आढळली. त्यांच्यातील काहींची फुफ्फुसे ऐन उमेदीतच खराब झाली होती. बिडी-सिगारेटचा धूर नेमका हाच लगाम सैल करतो. पुढे लिम्फोसाइट पेशीही जमतात. भिंती फाटतात, श्वासनलिका सुजतात, कफ साठतो. घेतलेला श्वास पुरता बाहेर पडत नाही आणि धाप लागते.

"बिडीवाल्याचा खोकला आहे, चालायचंच," असे म्हणून आपण तो अंगावर काढतो. बिडी पानाची म्हणून सौम्य, हा समजही खोटा आहे. ती विझू नये म्हणून झुरके जोरात आणि वारंवार ओढावे लागतात. चुलीच्या धुरानेही हाच विकार होतो, हे घरातल्या बायाबापड्यांसाठी लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ साली सीओपीडीने जगभरात सुमारे ३५ लाख लोक दगावले.

फाटलेल्या भिंती पुन्हा सांधत नाहीत. सोडल्यानंतरही आतली सूज काही काळ राहते. मग बिडी सोडून उपयोग काय? उपयोग मोठा आहे. फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ साली दाखवून दिले, की धूम्रपान सोडल्यावर फुफ्फुसांची झीज पुष्कळच मंदावते. कोणत्याही वयात सोडा, उरलेले वाचते.

चाळिशी ओलांडलेल्या, बिडी ओढणाऱ्या आणि जुना खोकला किंवा चढावर धाप असणाऱ्या प्रत्येकाने स्पायरोमेट्री ही फुंकण्याची साधी तपासणी करून घ्यावी. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत त्रास बळावतो, म्हणून दिवाळीपूर्वीच डॉक्टरांना भेटून फ्लूच्या लशीविषयी विचारावे. पंपाची सवय लागते, ही भीती निराधार आहे. सवय बिडीची लागते. ती सुटत नसेल, तर १८००-११-२३५६ या शासकीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. टॉनिकची बाटली त्यानंतर मागा. बहुधा गरजच उरणार नाही.