निकालापूर्वीच भरावयाचा अर्ज

आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखले जाणारे मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय 1913 मध्ये सुरू झाले. तेव्हापासून वाणिज्य शिक्षणाचा प्रसार तालुक्याच्या गावापर्यंत झाला असला, तरी बारावीचा निकाल लागला की गुणपत्रिका घेऊन महाविद्यालय गाठावयाचे, ही प्रवेशाची रीत पालकांच्या मनात घट्ट बसली आहे. बी.कॉम. किंवा अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्यांसाठी ती बव्हंशी आजही लागू आहे. व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीबाबत मात्र 2024 पासून चित्र पालटले आहे.

त्या वर्षी बी.बी.ए., बी.एम.एस. आदी अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा घेण्यात आली. या परीक्षेचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता भरावा लागतो. ही गोष्ट ठाऊक नसल्याने पहिल्याच वर्षी अनेक विद्यार्थी मागे राहिले व त्यांच्यासाठी ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. अशी दुसरी संधी गृहीत धरून चालणे शहाणपणाचे नाही.

वाणिज्याच्या पदवीकडे नेणाऱ्या या परीक्षेत हिशेबशास्त्राचा स्वतंत्र विभाग नाही, याचे शिक्षकांनाही नवल वाटते. पहिल्या परीक्षेतील 100 प्रश्नांपैकी सर्वाधिक 40 प्रश्न इंग्रजी भाषेचे होते. उरलेले तर्कक्षमता, सामान्यज्ञान व संगणकाची प्राथमिक माहिती यांवर. तेव्हा मराठी माध्यमाच्या मुलांची तयारी इंग्रजीच्या तासालाच व्हावयास हवी. निकालही टक्केवारीत नव्हे, तर पर्सेंटाइलमध्ये दिला जातो. 80 पर्सेंटाइल म्हणजे शंभरांतील ऐंशी गुण नव्हेत. परीक्षार्थींपैकी सुमारे ऐंशी टक्के आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

परीक्षा चुकल्यास केवळ जागाच जाते असे नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, 8 लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्याचा निर्णय शासनाने जुलै 2024 मध्ये घेतला. परंतु ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थिनींनाच मिळते. व्यवस्थापन कोट्यातील जागा घेणाऱ्या मुलीच्या वडिलांना सगळी फी पदरची भरावी लागते.

कागदपत्रांची अडचण बहुधा शेवटच्या आठवड्यात उभी राहते. अधिवासाचा व उत्पन्नाचा दाखला सेवा केंद्रातून मिळतो. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत मात्र पाहून घ्यावी, कारण गतवर्षीचे प्रमाणपत्र चालेलच असे नाही. सर्वांत अधिक वेळ जातो तो जात पडताळणीत. जिल्हा समितीपुढे वडिलांच्या, आजोबांच्या शाळेच्या नोंदी द्याव्या लागतात आणि त्या जुन्या दाखलखारिज पुस्तकांतून शोधून काढाव्या लागतात. मुख्याध्यापकांनी हे उतारे अकरावीतच काढून दिले आणि पंचायत सदस्यांनी पाठपुरावा केला, तर प्रवेशाच्या दिवसांत तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात रांग लावण्याची पाळी येत नाही.