झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइड बदलताना

सिलिंडर हेडमध्ये घट्ट बसवलेली, बिडाची किंवा ब्राँझची जी नळी व्हॉल्व्हच्या दांड्याला सरळ रेषेत सरकू देते, तिला व्हॉल्व्ह गाइड म्हणतात. दांडा आणि गाइड यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. झिजेने ती वाढली की ऑइल ज्वलनकक्षात झिरपते आणि, विशेषतः उतारावर सोडलेला ॲक्सिलरेटर पुन्हा दाबताना, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. (पिस्टन रिंग झिजल्यानेही धूर येतो, म्हणून आधी कॉम्प्रेशन तपासणे इष्ट.)

या कामासाठी संपूर्ण इंजिन गाडीतून उतरवण्याची सहसा गरज नसते. इंजिन थंड असताना हेडचे बोल्ट कडांकडून मध्याकडे, टप्प्याटप्प्याने सैल करतात, म्हणजे हेड वाकत नाही. ॲल्युमिनियमचे हेड तापवले की ते गाइडपेक्षा अधिक प्रसरण पावते आणि जुनी गाइड पायरीच्या पंचाने ठोकून काढता येते. नवी बसवल्यावर रीमरने, म्हणजे छिद्र नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने, तिचे माप जुळवतात. मात्र गाइडचा मध्य किंचित सरकलेला असल्यामुळे व्हॉल्व्हची सीटही पुन्हा कापावी लागते, आणि ती टाळणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर होय, कारण सीटवर नीट न टेकणारा व्हॉल्व्ह जळतो.