दोन ठिपके उमटले तर
तपासणीच्या टेबलावर : लेखांक ७

दिल्लीच्या ओखला औद्योगिक वसाहतीतली जे. मित्रा ही कंपनी 'एचआयव्ही ट्राय-डॉट' नावाचा तपासणी संच बनवते. पांढऱ्या पडद्यावर आधी बफरचे तीन थेंब, मग रुग्णाच्या रक्तद्रवाचा एक, पुन्हा बफर, त्यानंतर रंग आणणाऱ्या द्रावणाचे दोन आणि शेवटी परत बफर. काही मिनिटांत गुलाबीसर ठिपके दिसू लागतात. एक ठिपका नियंत्रणाचा. तो उमटला नाही तर चाचणीच बाद. उरलेल्या दोन जागा एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ या विषाणूच्या दोन प्रकारांच्या. दोन्ही जागी ठिपके आले तर?

अशा वेळी दोन्ही विषाणूंची लागण झाली असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. या पडद्यावर विषाणू सापडत नसतो. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे सापडतात. ती पकडायला पडद्यावर विषाणूच्या प्रथिनांचे निवडक तुकडे बसवलेले असतात : एचआयव्ही-१ साठी जीपी-४१ व जीपी-१२०, एचआयव्ही-२ साठी जीपी-३६. जीपी-४१ आणि जीपी-३६ ही नात्यातली प्रथिने असल्याने एकाची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही चिकटू शकतात. म्हणून असा नमुना राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने ('नॅको') नेमलेल्या एचआयव्ही-२ संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो.

पडद्यावरचे हे तुकडे निवडणेही सोपे नसते. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा. त्याची नक्कल करणारे विकर चुका तपासत नाही, त्यामुळे एकाच रुग्णाच्या शरीरातही विषाणूची असंख्य रूपे फिरत असतात. शिवाय या विषाणूचे वेगवेगळे गट, उपप्रकार आणि संकर आहेत. संच बनवणाऱ्याने निवडलेला तुकडाच एखाद्या रूपात वेगळा असेल, तर लागण असूनही अहवाल 'निगेटिव्ह' येतो. ही नुसती शंका नव्हे. १९९४ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिले, की 'ओ' गटाचा विषाणू असलेल्या काही रुग्णांचे रक्त तेव्हाच्या प्रचलित चाचण्यांतून निसटत होते. हा गट मुख्यतः कॅमेरून आणि आसपासच्या देशांतला. पुढे संचांमध्ये त्याचेही तुकडे घालण्यात आले.

भारतात बहुतेक लागण 'सी' उपप्रकाराची आहे. मणिपूरमध्ये 'बी' आणि 'सी' यांचे संकरही सापडतात. दिल्लीत तर देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसे कामाला येतात, तेव्हा इथल्या प्रयोगशाळेला एकाच उपप्रकारावर विसंबून चालणार नाही. तरीही प्रतिपिंड-चाचण्या 'सी' चांगल्या ओळखतात, कारण त्यांतले तुकडे विषाणूच्या फारशा न बदलणाऱ्या भागांतून घेतलेले असतात. आपल्याकडे जास्त सावध राहायचे ते एचआयव्ही-२ बाबत. मुंबईचे डॉ. जे. के. मणियार आणि जर्मन संशोधकांनी १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मधून त्याचा भारतातला प्रसार नोंदवला.

जनुकीय चाचण्यांत विषाणूच्या बदलत्या रूपांची अडचण अधिक बोचते. पीसीआर या चाचणीतले प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, विषाणूच्या ठरावीक अक्षरांवर बसतात. तिथली अक्षरे बदलली की विषाणूची संख्या आहे त्यापेक्षा कमी दिसते. नव्वदच्या दशकात 'बी' उपप्रकार समोर ठेवून बनवलेल्या एका चाचणीत 'ए' उपप्रकाराबाबत असेच घडले आणि प्रायमर बदलावे लागले. एचआयव्ही-१ साठीची नेहमीची व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंची संख्या मोजणारी) चाचणी एचआयव्ही-२ मोजतच नाही. अशा रुग्णाच्या अहवालावर 'विषाणू आढळला नाही' असे छापून येते आणि औषधे उत्तम लागू पडली असे वाटू शकते. त्यातच नेव्हिरापीन आणि इफाव्हिरेन्झ ही औषधे एचआयव्ही-२ वर चालत नाहीत. विषाणूचा प्रकार ठरवण्यातली हयगय म्हणूनच अक्षम्य आहे.

नोएडाच्या सेक्टर ६२ मधल्या राष्ट्रीय जैविक संस्थेत एचआयव्ही संचांची गुणवत्ता तपासली जाते. अशा मूल्यमापनात आपल्या देशातल्या रुग्णांचे नमुने हवेतच. परदेशी नमुन्यांवर मिळालेले शंभर टक्के यश इथल्या डॉक्टरला पुरेसे नाहीत. लक्षणे नसलेल्या व्यक्तीला एचआयव्हीबाधित ठरवण्यापूर्वी सरकारी केंद्रात तीन वेगवेगळ्या संचांवर तपासणी होते. तिन्हींचे तुकडे किंवा तत्त्व वेगळे असते, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यात सहसा पुन्हा होत नाही.

मात्र निगेटिव्ह अहवाल पहिल्याच चाचणीवर दिला जातो. लागण नुकतीच झाली असेल तर प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि संच कितीही चांगला असला तरी या काळात तो फसू शकतो. धोका अलीकडचा असेल तर त्याची तारीख समुपदेशकाला स्पष्ट सांगावी आणि त्यांनी दिलेल्या दिवशी पुन्हा तपासणी करून घ्यावी. ती सरकारी केंद्रांत मोफत होते. माहितीसाठी 'नॅको'चा १०९७ हा क्रमांक आहे.