राखेवर फुगलेला पाव

अमेरिकेच्या सरकारने दिलेलं पहिलंवहिलं पेटंट राखेचं आहे. ३१ जुलै १७९० ही त्याची तारीख. सॅम्युअल हॉपकिन्स यांनी लाकडाच्या राखेपासून पोटॅश आणि पर्लॅश करण्याची सुधारलेली रीत मांडली होती, आणि त्या कागदावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे. ऑक्टोबरात अमेरिकेतल्या घराघरांत सफरचंद-दालचिनीचा ब्रेड भाजला जातो, त्याचं मूळ शोधत मागे गेलं की आपण या कागदापाशी येतो. तिथले लोक या ब्रेडला आजीच्या हातचा, जुन्या वळणाचा म्हणतात. मला तो तसा वाटत नाही. यीस्टला रजा देऊन रसायनशाळेला स्वयंपाकघरात घेणारा तो पदार्थ आहे, आणि त्याचा जुनेपणा फार तर सव्वादोनशे वर्षांचा आहे.

राखेची गोष्ट नीट सांगायला हवी. युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांना शेतीसाठी जमीन मोकळी करायची होती. मेपल, ओक, एल्म अशी कठीण लाकडाची झाडं तोडायची, ढीग लावायचे आणि पेटवून द्यायचे. राख पिंपात भरून वरून पाणी ओतायचं, खाली झिरपलेलं तपकिरी क्षारपाणी लोखंडी काहिलीत आटवायचं. तळाशी काळपट खडा उरे तो पोटॅश. तो भट्टीत तापवून त्यातली काजळी जाळली की पांढरं पर्लॅश मिळे, म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. काच, साबण आणि कापडाचे कारखाने ते विकत घेत. पहिलं पीक हाती येण्याआधी शेतकऱ्याला रोख पैसा दिसे तो या राखेतून. जंगल जळत होतं आणि त्याचा क्षार इंग्लंडला चालला होता. त्यातला चिमूटभर घरच्या चुलीपाशी राहिला.

तो तिथे का राहिला, हे कळायला यीस्टचा जाच आठवावा लागतो. तेव्हा यीस्ट पुडीत मिळत नसे. बिअरच्या पिंपाचा गाळ आणायचा, नाहीतर हॉप्स आणि बटाट्याच्या पाण्यात विरजण जोपासायचं. कडाक्याच्या थंडीत ते निपचित पडे, उन्हाळ्यात बिघडून आंबटढाण होई. रात्री कणीक भिजवायची, पहाटे मळायची, पुन्हा फुगू द्यायची, मग भाजायची. ज्या घरात बाईच दूध काढते, सूत कातते आणि पोरं सांभाळते, तिथे हा वेळ कुठून आणायचा? पर्लॅश आंबट ताकात किंवा काकवीत पडलं की लगेच फसफसतं आणि पीठ तासाभरात भाजून निघतं. १७९६ साली हार्टफर्डला अमेलिया सिमन्स यांचं ‘अमेरिकन कुकरी’ छापलं गेलं. अमेरिकन व्यक्तीने लिहिलेलं आणि तिथेच छापलेलं ते पहिलं पाकपुस्तक मानतात. मुखपृष्ठावर लेखिकेने स्वतःची ओळख अमेरिकन अनाथ अशी करून दिली आहे. तिच्या काही कृतींत पर्लॅश आहे. क्षार घालून पदार्थ हलका करणं आपल्याला नवं वाटू नये. पापडखार त्याच कुळातला.

पर्लॅशला एक खोड होती. पिठातल्या लोण्याशी किंवा चरबीशी त्याची गाठ पडली की थोडासा साबण तयार होई, आणि तो जिभेला कळे. पुढे त्याची जागा सॅलेरेटस नावाच्या क्षाराने आणि मग खाण्याच्या सोड्याने घेतली. १८४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन ड्वाइट आणि त्यांचे मेहुणे ऑस्टिन चर्च यांनी सोडा कागदी पिशव्यांत भरून विकायला सुरुवात केली. त्या घराण्याच्या ‘आर्म अँड हॅमर’ सोड्यावरचा हातोडा धरलेला हात १८६७ पासूनचा आहे, आणि तो आला चर्च यांच्या मुलाच्या मसाल्याच्या गिरणीवरून. दालचिनी आणि सोडा यांची सोयरीक अशी डब्यावरही झाली.

सोड्याला आंबट साथीदार लागतो, आणि ताकाचा आंबटपणा रोज सारखा नसतो. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. तिच्यासाठी त्याने १८४३ मध्ये सोडा आणि कोरडं आम्ल एकत्र करून बेकिंग पावडर केली. अमेरिकेत ते आम्ल, म्हणजे क्रीम ऑफ टार्टर, युरोपातल्या दारूच्या पिंपांतून खरवडून यायचं आणि महाग पडायचं. हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांचे विद्यार्थी. त्यांनी १८५६ मध्ये त्याऐवजी कॅल्शियमचं फॉस्फेट वापरण्याचं पेटंट घेतलं. सुरुवातीला हे फॉस्फेट जनावरांच्या हाडांपासून करत. शाकाहारी वाचकांनी दचकू नये, आता ते खनिजापासून होतं.

मग तुरटीच्या कुळातलं स्वस्त आम्ल आलं आणि भांडण पेटलं. क्रीम ऑफ टार्टरवाल्या कंपन्यांनी तुरटीची पावडर विषारी असल्याची हाकाटी पिटली. १८९९ मध्ये मिसूरी राज्याने तिच्यावर बंदीच घातली. ही बंदी लाच देऊन टिकवली होती हे पुढे उघडकीला आलं, आणि १९०३ मध्ये राज्याच्या उपराज्यपालांना पायउतार व्हावं लागलं. केक फुगवायच्या पावडरीपायी एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस घरी गेल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. या सगळ्या गलबल्याच्या बाहेर राहिलेला एक माणूस म्हणजे अमेरिकन लेखक थोरो. वॉल्डन तळ्याकाठी त्याने यीस्टही सोडलं आणि सोडाही घातला नाही. त्याची भाकरी कशी लागत असेल, याची कल्पना केलेलीच बरी.

आता दालचिनी. यीस्ट आणि दालचिनी यांचं मुळात पटत नाही. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड बुरशी रोखतं आणि यीस्ट ही बुरशीच. कणकेत सढळ हाताने दालचिनी मळली तर पाव आळसावतो. म्हणूनच सिनॅमन रोल करणारे ती पिठात न मळता लाटलेल्या पोळीवर पसरून गुंडाळतात. सोड्याला असल्या गोष्टीचं सोयरसुतक नसतं. दोन चमचे घाला, चार घाला, तो फुगवणारच. सफरचंद-दालचिनीचा ब्रेड यीस्टच्या घरात जन्माला आला नाही, याचं मला त्यात एक कारण दिसतं.

ज्या दालचिनीपायी पोर्तुगीज श्रीलंकेत घुसले, डचांनी १६५८ मध्ये त्यांना हाकललं आणि १७९६ मध्ये इंग्रजांनी डचांना, ती दालचिनी या अमेरिकन ब्रेडमध्ये बहुतेक वेळा नसतेच. अमेरिकेत दालचिनी म्हणून विकली जाते ती प्रामुख्याने इंडोनेशिया आणि व्हिएतनामचा कॅसिया. साल जाड, एकाच पदराची, वास दणकट. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ, विडीसारखी पदरावर पदर गुंडाळलेली आणि बोटाने चुरडणारी. फरक फक्त चवीचा नाही. कॅसियात कूमारिन बरंच असतं, आणि ते जास्त प्रमाणात, रोजच्या रोज पोटात गेलं तर काही जणांच्या यकृताला त्रास होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. ऑक्टोबरात चार काप खाल्ले म्हणून काही होत नाही. पण आपल्या बाजारातही जाड सालीचाच माल अधिक, आणि त्याची गरज नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात दिली आहे, आणि नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून कोकणात दालचिनी लावतातही. मिळाली तर तीच घ्यावी.

सफरचंदाबद्दल थोडक्यात. त्याचं मूळ कझाकस्तानच्या डोंगरांत. १९२९ मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह अल्माटीजवळच्या रानात गेले तेव्हा त्यांना तिथे सफरचंदांची जंगलंच दिसली. हापूसची कोय लावून हापूस मिळेलच असं नसतं, तसंच बियांच्या सफरचंदाचं. जॉन चॅपमन, लोकांचा ‘जॉनी अ‍ॅपलसीड’, कलमांच्या विरोधात होता आणि बियांपासूनच बागा लावायचा. त्यातली बहुतेक फळं खायला तुरट-आंबट, सायडर गाळण्याच्या कामाची. शिजवायलाही आंबट फळच बरं, ते फुकट जात नसे. उलट आपल्याकडचं लालभडक रेड डेलिशस हे आयोवात सापडलेलं झाड. फिलाडेल्फियाहून १९०४ मध्ये भारतात आलेले आणि पुढे सत्यानंद झालेले सॅम्युअल स्टोक्स यांनी मिसूरीतल्या स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेतून ते हिमाचलच्या कोटगढला आणलं. त्यांनी डोंगरातल्या शेतकऱ्यांचं भलं केलं यात वाद नाही, पण ओव्हनमध्ये हे फळ बेचव लगदा होतं. ब्रेडला ग्रॅनी स्मिथ घ्यावं. सिडनीजवळ १८६८ च्या सुमारास मारिया अ‍ॅन स्मिथ या बाईंच्या अंगणात उगवलेलं हे हिरवं, आंबट, टणक फळ भाजल्यावरही आकार धरून राहतं.

कृती सोपी आहे, घाईची आहे, आणि घाईतच तिचं मर्म आहे. अडीचशे ग्रॅम मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, दोन चमचे दालचिनी पूड आणि चिमूट मीठ एकत्र चाळावं. दुसऱ्या भांड्यात दीडशे ग्रॅम साखर, दोन अंडी, अर्धा कप तेल आणि अर्धा कप आंबट ताक फेटावं. ओलं कोरड्यात ओतून चमच्याने मोजके हात वरखाली करावेत. इथे बहुतेकांचा हात थांबत नाही. गुठळ्या दिसतात म्हणून घोटत राहिलं की मैद्यातलं ग्लुटेन जागं होतं, पाव चिवट होतो आणि आत बोगदे पडतात. गुठळ्या राहू द्याव्यात. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असतं, म्हणून किसाऐवजी अर्ध्या सेंटिमीटरच्या फोडी घ्याव्या, दोन फळांच्या. त्या थोड्या मैद्यात घोळवल्या तर तळाशी बसत नाहीत. पीठ ओलं झालं की सोडा कामाला लागतो, तेव्हा ओव्हन आधीच १८० अंशांवर तापलेला हवा. पंचावन्न मिनिटं ते तास लागतो. मधोमध भेग पडते ती बिघाड समजू नये. कडक झालेली पापडी आतून वर येणाऱ्या पिठाने फुटते, एवढंच.

न्यू जर्सी-मिशिगनकडच्या मराठी घरांत सप्टेंबर-ऑक्टोबरात बागेतून हाताने तोडलेली सफरचंदं पिशव्या भरून येतात आणि दिवाळीच्या फराळाशेजारी हा ब्रेडही मांडला जातो. अंडं नको असणाऱ्यांनी त्या जागी अर्धा कप घट्ट दही घ्यावं आणि सोडा अर्धा चमचा करावा. लगेच कापू नये. दुसऱ्या दिवशी फळाचा ओलावा सगळीकडे मुरतो आणि दालचिनीचा उग्रपणा बसतो.

आणि करायला घेण्याआधी एक करा. बेकिंग पावडरचा डबा कधी उघडला होता ते आठवा. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तर ठीक, नाहीतर डबा फेकून नवा आणा.